एक आक्काकडं, एक माझ्याकडं

क्रिएटिनिन हा आकडा मी रोज लिहितो. तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडमागच्या बोळात रक्त-लघवी तपासायची एक लॅब आहे, तिथं मी टेक्निशियन. आता मशीन परस्पर आकडा काढून देतं. मी शिकलो तेव्हा हे काम हातानं चालायचं. पिवळंधमक पिक्रिक ॲसिड, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि मग रुग्णाच्या रक्ताचा नमुना. थोडं थांबलं की पिवळ्याचा नारिंगी होतो, आणि क्रिएटिनिन जेवढं जास्त तेवढा नारिंगी गडद. माक्स याफे या जर्मन संशोधकानं हा रंग १८८६ साली नोंदवला. आजही बहुतेक मशीनच्या पोटात त्याचाच नारिंगी रंग मोजला जातो.

क्रिएटिनिन स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होतं, रक्तात येतं आणि किडनी ते गाळून टाकते. गाळण मंदावली की ते रक्तात साचतं. हिशेब सोपा आहे: आकडा दुप्पट, तर गाळण निम्मी. पण रिपोर्ट वाचणाऱ्याला हा हिशेब दिसत नाही. ०.७ चं १.४ झालं तर लोक म्हणतात, जरासं वाढलंय. त्या ‘जरासं’मध्ये निम्मं काम बंद पडलेलं असतं.

माझा स्वतःचा आकडा मला असाच कळला. लॅबमध्ये नवं मशीन बसवायला कंपनीचा माणूस आला होता. चालवून बघायला ताजं रक्त पाहिजे होतं, म्हणून मीच बाही वर केली. आकडा आला २.४. तो म्हणाला, मशीन अजून जुळलेलं नाही. मलाही तसंच वाटलं. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना लावला, तो चोख आला. मग लघवीत पट्टी बुडवली, तर प्रथिनांचा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला. तेव्हा माझं वय चौतीस. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, सकाळी सायकलवर कामाला येत होतो. पुढं बायॉप्सीत निदान झालं आयजीए नेफ्रोपॅथीचं. शरीराचीच प्रतिपिंडं किडनीच्या गाळणीत जाऊन बसतात आणि ती हळूहळू निकामी करतात.

त्यापुढचं आजारपण आवरतं घेतो. आजाऱ्याला ते मोठं वाटतं, ऐकणाऱ्याला सगळी आजारपणं सारखीच. दोन-तीन वर्षांत डायलिसिस लागलं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. एवढं करूनही खऱ्या किडन्यांच्या कामाचा जेमतेम दहावा-आठवा हिस्सा होतो. किडनी बसवायची म्हटल्यावर घरात शोध सुरू झाला. आईला मधुमेह, ती बाद. बायकोचा रक्तगट जुळेना. धाकटा भाऊ होता. तो नाही म्हणाला असं नाही. त्याला कुणी विचारलंच नाही. त्याची पोरं लहान, त्याची कंपनीतली नोकरी, त्याचं कसं होणार, असं सगळ्यांनी आपापसातच ठरवून टाकलं. आक्काची पोरंही लहानच होती. पण तिच्या बाबतीत हा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही, माझ्याही नाही.

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. दिली तासगावच्या बाजूला. घरचा ऊस, थोडी द्राक्षं, दोन म्हशी. बातमी कळली तशी भांगलणीतनं उठून दुपारच्या गाडीनं आली आणि हातपाय न धुताच म्हणाली, “मला दोन कशाला लागतात? एकीवर भागतंय म्हणून डाक्टरच सांगत्यात न्हवं?” तिच्या सासूबाईंचा प्रश्न रोखठोक होता: नंतर हिला खुरपं धरायला जमंल का? मला त्या प्रश्नाचा कधी राग आला नाही. घर त्या हातांवर चाललेलं होतं. दाजींनी काहीच विचारलं नाही. पुण्याला जायच्या दिवशी त्यांनी म्हशी शेजाऱ्यावर सोपवल्या आणि पिशवी उचलली. त्यांचंही देणं माझ्याकडं आहे, पण त्याविषयी ते बोलू देत नाहीत.

पुण्यात आमच्या नेफ्रॉलॉजिस्ट एक मॅडम होत्या. किडनी देणाऱ्याला सगळं समजलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. सहीपुरतं समजलं तरी चालतं असं मानणारेही डॉक्टर असतात; मॅडम तशा नव्हत्या. त्यांनी आक्काला खुर्चीवर बसवलं, माझ्याच एका जुन्या रिपोर्टची मागची बाजू घेतली आणि पेनानं एक गुंता काढला. गुंत्यात शिरणारी एक रेघ जाड, बाहेर पडणारी दुसरी बारीक.

त्या म्हणाल्या, दोन्ही किडन्यांचं वजन मिळून पाव किलोच्या थोडं वर, शरीराच्या अर्धा टक्काही नाही. पण हृदयातनं मिनिटाला जे पाच लिटर रक्त निघतं, त्यातलं लिटर-सव्वा लिटर या दोघींकडं जातं. एवढं रक्त त्यांना स्वतःला जगायला लागत नाही. ते गाळण्यासाठी येतं. एकेका किडनीत अशा दहाएक लाख गाळण्या असतात. सगळ्यांतनं मिळून मिनिटाला सव्वाशे मिलिलिटर पाणी पाझरतं, म्हणजे दिवसाला १८० लिटर. अंगातलं रक्तद्रव जेमतेम तीन लिटर. ते दिवसातनं साठ वेळा गाळून निघतं. या १८० लिटरपैकी लघवीवाटे जातं दीडेक लिटर, बाकीचं नळ्यांमधनं पुन्हा रक्तात.

“गाळायला जोर लागतो, तो कुठून येतो सांगा,” मॅडम म्हणाल्या. शरीरात इतर ठिकाणी धमनी बारीक होत होत केशवाहिनी होते आणि पुढं शिरेला मिळते, तिथं दाब ओसरलेला असतो. किडनीच्या गाळणीतनं बाहेर पडणारी वाहिनी मात्र शीर नसते. तीही धमनीच, स्नायूंची, आवळता येणारी. आत येणारी वेगळी आणि बाहेर जाणारी वेगळी, दोन्ही लहान-मोठ्या होऊ शकतात. म्हणून मधल्या गुंत्यात पाऱ्याच्या ५५ मिलिमीटरचा दाब टिकून राहतो. त्यातले तीसेक रक्तातल्या प्रथिनांच्या ओढीत जातात, कारण प्रथिनं पाणी सोडत नाहीत. पंधराएक पलीकडं आधीच पाझरलेल्या पाण्याच्या विरोधात जातात. उरतात दहा. या दहावर सगळा कारभार.

आक्का कागदाकडं बघत होती. मधेच म्हणाली, “म्हंजे दारं धरायचं काम हाय की हे!”

मॅडम पुण्याच्या, त्यांना दारं धरणं माहीत असायचं कारण नाही. मी सांगितलं: शेतात पाणी सोडलं की खोरं घेऊन सरीच्या तोंडाशी उभं राहायचं. वरचं दार मोडलं की सरीत पाणी येतं, खालचं बांधलं की ते तुंबतं आणि जास्त मुरतं. दोन्ही दारं सांभाळत एकेक सरी भिजवत पुढं सरकायचं. लाइट रात्री येते, म्हणून हे काम बहुतेक रात्रीचंच. आक्कानं ते जन्मभर केलंय. मॅडमनी तिच्या हातात पेन दिलं आणि विचारलं, “मग सांगा, पाट अचानक जोरात आला तर काय कराल?” आक्का म्हणाली, “वरचं दार आवळीन, न्हायतर वाफा फुटंल.” “आणि पाणी कमी पडलं तर?” “खालचं आवळीन. आहे तेवढं मुरूदे.”

किडनी नेमकं हेच करते. रक्तदाब वाढला की आत येणारी वाहिनी ताणली जाते आणि ताण बसताच तिचा स्नायू आपोआप आवळतो. काही सेकंदांचा खेळ. दुसरी व्यवस्था याहून बारकाईची. गाळलेलं पाणी ज्या नळीतनं पुढं जातं, ती नळी लांबचा वळसा घालून परत आपल्याच गाळणीपाशी येते आणि दोन वाहिन्यांच्या मधोमध चिकटते. तिथल्या काही पेशी पाण्यातलं मीठ चाखतात. मीठ जास्त असेल तर गाळण फार वेगानं चाललीय असा त्याचा अर्थ. मग त्या वरचं दार आवळायला लावतात. मीठ कमी आलं तर रेनिन सुटतं, त्यातून पुढं अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते मुख्यतः खालचं दार आवळतं. त्यामुळं सरासरी रक्तदाब ८० असो की १६०, गाळणीचा वेग जवळजवळ हलत नाही. ही राखण नसती तर दाब चौथाईनं वाढताच गाळणही चौथाईनं वाढली असती. १८० चे २२५ लिटर झाले असते आणि नळ्या जेवढं परत घेतात तेवढंच घेत राहिल्या असत्या, तर वरचं पंचेचाळीस लिटर पाणी लघवीवाटे वाहून गेलं असतं. जिना चढून आलेला माणूस सुकून मेला असता.

आक्का तिथनं उठताना एकच बोलली: “हिला कुणी शिकवलंय म्हणायचं?”

ते कोडं मोठमोठ्यांनाही पडलं होतं. डायलिसिसच्या खुर्चीत वेळ जात नाही, म्हणून मी मिळेल ते वाचायचो. टेक्निशियनला जुन्या प्रयोगांची गोडी असते. हे गुंते मार्चेल्लो मालपिगीनं १६६६ सालीच बघितले होते. विल्यम बोमननं १८४२ मध्ये त्यांच्याभोवतीचं संपुट नीट दाखवलं. पण पाणी तिथं नुसतं दाबानं गाळलं जातं, की पेशी ते तयार करून सोडतात, यावर पुढं ऐंशी वर्षं वाद चालला. तो मिटवला बेडकानं. फिलाडेल्फियात जोसेफ वर्न आणि ए. एन. रिचर्ड्स या दोघांनी बेडकाच्या एका गाळणीत अतिशय बारीक काचेची नळी घातली आणि आतला थेंब काढला. त्या थेंबात प्रथिन नव्हतं, पण साखर आणि मीठ होतं. त्याच बेडकाच्या मूत्राशयात मात्र साखर-मीठ सापडेना. आधी सगळं गाळायचं, मग कामाचं परत घ्यायचं, हे एका थेंबानं सिद्ध केलं. साल १९२४. पाठोपाठ १९२६ मध्ये पॉल ब्रांट रेबर्ग या डॅनिश माणसानं स्वतःच क्रिएटिनिन घेतलं आणि स्वतःचं रक्त-लघवी तपासून गाळणीचा वेग काढला. माझा रोजचा आकडा असा घरंदाज आहे, हे मला खुर्चीत बसून कळलं.

कायद्याप्रमाणं बहीण जवळच्या नात्यात येते, तरी कमिटीपुढं जावं लागतं. देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची संमती खरोखर तिचीच आहे का, हे किडनी घेणाऱ्याशिवाय दुसऱ्याकडून पडताळून घ्यावं, असं नियमातच लिहिलंय. हा नियम कुणालातरी लिहावासा वाटला, यातच सगळं आलं. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. ट्रान्सप्लांटच्या ओपीडीत बाकावर बसून बघा, आकडेवारी लागत नाही. आई देते, बायको देते, बहीण देते. आक्काला आत एकटीला बोलावलं. काय विचारलं ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

आम्हाला भाऊबीजेचे दाखले देणारे बरेच भेटतात. आक्काला ते आवडत नाही. ती म्हणते, “ओवाळणी म्हणून न्हाई दिली. मरत हुतास म्हणून दिली.”

आक्काच्या किडन्यांची डीटीपीए तपासणी झाली होती. तिच्यात दोन्हींचा गाळण्याचा वेग वेगवेगळा मोजतात. डावी ४६, उजवी ५०. दोन्हींतली सरस असेल ती देणाऱ्याकडं ठेवायची, हा सर्जन मंडळींचा दंडक. शिवाय डावीची शीर लांब, जोडायला सोयीची. म्हणून डावी माझ्याकडं आली. ती माझ्या पोटात उजवीकडं खाली, जांघेच्या वर बसवली आहे. माझ्या मूळच्या दोन्ही जागच्या जागी, नावाला. रक्तवाहिन्या जोडल्या, चिमटे सोडले आणि टेबलावरच लघवी सुरू झाली, असं मला नंतर सांगण्यात आलं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम मॅडमना विचारली होती. धमनी जोडली, शीर जोडली, मूत्रनळी जोडली. नसा? त्या म्हणाल्या, नसा कापल्या त्या कापल्या, कुणी जोडत नाही. म्हणजे माझ्या मेंदूचा तिच्याशी सुरुवातीला काही संबंध नाही. तरीही माझा दाब वर-खाली झाला की ती आपलं दार आपण आवळते, आपण सैल करते. ही अक्कल तिच्या स्वतःच्या अंगात आहे. येताना ती आक्काकडनं घेऊन आली. मी झोपेत असतो तेव्हाही माझ्यात दारं धरली जातात. देवाधर्माचा माणूस मी नव्हे, पण हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि मागं राहिलेली? तिचं कुणी बोलत नाही. आक्काचं क्रिएटिनिन आधी ०.७ होतं. डावी काढल्यावर गाळण निम्मी झाली, आकडा चढला. पण राहिलेल्या उजवीनं महिन्या-दीड महिन्यात काम वाढवलं. तिच्याकडचा रक्ताचा ओघ वाढला, एकेका गाळणीनं जास्त गाळायला घेतलं, किडनी थोडी आकारानंही वाढली. क्रिएटिनिन १.० वर येऊन थांबलं. म्हणजे एकटी किडनी पहिल्या दोघींच्या सत्तर टक्के काम करायला लागली. नव्या गाळण्या काही उगवत नाहीत, जन्माला आल्या तेवढ्याच असतात. आहेत त्यांनीच ओढायचं. माझ्या आयुष्याची किंमत अशी रोज, मिनिटामिनिटाला, तासगावकडच्या एका शेतात भरली जाते.

या जास्तीच्या कामाचं पुढं काय होतं, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला आहे. अमेरिकेतल्या बॅरी ब्रेनर यांनी १९८२ मध्ये मांडलं की, थोड्या उरलेल्या गाळण्यांवर फार दाब आला तर तो दाबच त्यांना झिजवतो. उंदरांची बरीचशी किडनी काढून टाकल्यावर हे दिसलं होतं. माणसांत एक निरोगी किडनी राहिली तर इतकं वाईट होत नाही, देणारे बहुतेक जण ठणठणीत जगतात. तितक्याच निरोगी पण न देणाऱ्या माणसांपेक्षा धोका किंचित जास्त असतो, एकूण बघता तो लहानच. पण तो कुणीतरी घेतलेला असतो.

मी रोज बारा तासांच्या अंतरानं टॅक्रोलिमस घेतो. शरीरानं आक्काची किडनी परकी म्हणून झिडकारू नये यासाठी ती गोळी. गंमत अशी की तीच गोळी वरचं दार आवळते. रक्तात ती कमी झाली तर शरीर किडनीवर उठतं, जास्त झाली तर किडनीचंच पाणी तुटतं. म्हणून सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त काढून तिची पातळी बघायची. माझं क्रिएटिनिन १.३ आहे. आक्का फोनवर हाच आकडा विचारते, तब्येत कशी आहे असं विचारत नाही.

तिचे गुडघे दुखतात. शेतात राबणाऱ्या बाईचे पन्नाशीच्या आधीच दुखायला लागतात. वाडीवरच्या दुकानात डायक्लोफेनॅकची गोळी सुटी मिळते. आख्खं गाव ती खाऊन उसात जातं. आक्काला ती चालत नाही. वरचं दार उघडं ठेवायला किडनी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार करत असते आणि दुखण्याच्या या गोळ्या नेमके तेच बंद पाडतात. उन्हात पाणी कमी प्यालेलं असेल तर घाव आणखी मोठा. दोन किडन्यावाल्याचं निभावून जातं, एकीवाल्यानं ती जोखीम घ्यायची नाही. म्हणून आक्का पॅरासिटामॉल घेते, शेकते आणि लंगडत जाते. माझ्या देण्यावर असं व्याज चढत राहतं, आणि ते तीच भरते.

मला दर थोड्या दिवसांनी रुग्णालयातनं बोलावणं असतं. आक्काला पहिल्या वर्षानंतर कुणी बोलावलं नाही. तेव्हापासून ते काम मी घेतलं. दिवाळी उरकली की तिच्या घरी जातो, बांगड्या कोपराकडं सारून शीर शोधतो. शीर तिची ठसठशीत, एका टोचण्यात मिळते. रक्तदाब दोन्ही हातांचा. लघवीची पट्टी करतोच, पण जुन्या पद्धतीनं उकळून बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. काचेची नळी तिरकी धरायची, वरचा भाग तेवढा स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचा, खालचा गार ठेवायचा तुलनेला. वर ढगाळ आलं तर ॲसिटिक ॲसिडचा थेंब टाकायचा. ढग विरला तर क्षार, राहिला तर प्रथिन. निरोगी गाळणी अल्ब्युमिन सहसा सोडत नाही. तिच्या तीन पदरांतला शेवटचा, पावलं पसरलेल्या पेशींचा पदर फाटायला लागला की ते लघवीत उतरतं. आक्का चुलीपाशी बसून नळीकडं माझ्याइतकंच टक लावून बघते. आजवर नळी वरपासून खालपर्यंत स्वच्छ निघाली आहे.

तुमच्या घरात, भावकीत किडनी दिलेलं कुणी असेल, बहुधा बाईच असेल, तर तिला वर्षातून एकदा जवळच्या लॅबमध्ये घेऊन जा. रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन, एवढंच बघायचं असतं आणि ते कुठल्याही तालुक्याच्या गावी होतं. औषधाच्या दुकानात तिला एकच किडनी आहे हे सांगून ठेवा, दुखण्याची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. आणि तपासणीला येताना सकाळची पहिली लघवी घेऊन या.